पेशी गेली कुठे?

गुडघ्याच्या सांध्यात, मणक्याजवळ किंवा हृदयाच्या स्नायूत टोचलेल्या मूलपेशी दुसऱ्या दिवशी कुठे असतात? पुनर्जनन वैद्यकावरच्या लोकप्रिय लेखनात हा प्रश्न सहसा येत नाही. पेशी काढल्या, वाढवल्या, टोचल्या, रुग्णाला बरे वाटले, इथे हकिगत संपते. हे पुस्तक तिथून सुरू होते. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण पेशीत आधीच भरून ठेवायचे, मग ती शरीरात सोडायची आणि एमआरआय यंत्रातून तिचा माग काढायचा, हा त्याचा विषय आहे. असे पुस्तक मराठीत आणि परभणीत तयार होते आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो. तो नुसता गावाच्या अभिमानाचा नाही. या विषयाला लागणारी निम्मीअधिक विद्या आपल्या भागात आधीपासूनच आहे, फक्त ती वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेली आहे, असे माझे मत आहे.

आधी प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. मूलपेशींच्या उपचारांपैकी सर्वांत जुना आणि पक्का सिद्ध झालेला उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. भारतातले पहिले प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली नऊ वर्षांची मुलगी होती. या उपचारात दात्याच्या पेशी साध्या सलाईनसारख्या शिरेतून सोडतात. त्या रक्ताबरोबर फिरत हाडांच्या पोकळीत पोहोचतात, तिथे रुजतात आणि दोन ते चार आठवड्यांत रोजच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा चढू लागतो. पेशी पोहोचल्या का, हे विचारायला वेगळ्या यंत्राची गरजच पडत नाही. रक्ताचा कागद ते सांगतो.

या मोठ्या यशातून एक समज मात्र पसरला, की मूलपेशीला आपली जागा आपोआप सापडते. मज्जेच्या बाबतीत ते खरे आहे, कारण रक्त तयार करणाऱ्या पेशींचे घरच ते. हृदय, मणका, कूर्चा यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. जर्मनीत हॅनोव्हर इथल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या मज्जापेशींना किरणोत्सारी फ्लोरीन लावून त्या हृदयाच्या धमनीतून सोडल्या. तासाभराने पाहिले तर हृदयात उरल्या होत्या फक्त 1.3 ते 2.6 टक्के. बाकीच्या मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसल्या होत्या. म्हणजे शंभर पेशी हृदयासाठी दिल्या, त्यातल्या दोन हृदयाला मिळाल्या. शिरेतून सोडलेल्या मेसेन्कायमल पेशींचे, म्हणजे हाड, कूर्चा आणि चरबी घडवू शकणाऱ्या मूलपेशींचे, असेच होते. त्यांतल्या बहुतेक पहिल्याच फेरीत फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. या माहितीनंतर एखाद्या रुग्णाला बरे वाटले किंवा वाटले नाही, यावरून मूलपेशींबद्दल काहीच ठरवता येत नाही. पेशी तिथे होत्या का, हेच ठाऊक नसेल तर यश कशाचे आणि अपयश कशाचे?

हा प्रश्न आपल्याकडच्या घरांपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. जिंतूर, गंगाखेड, पालम अशा तालुक्यांतली माणसे लेकराच्या किंवा म्हाताऱ्या आईच्या आजारासाठी मोठ्या शहरांत जातात. ‘स्टेम सेल’ हे शब्द कानावर पडले की आशा वाढते, आणि त्या आशेपोटी रान विकायलाही माणूस तयार होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे याबाबत अगदी स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे मज्जा व रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा बाकी सगळा वापर संशोधन समजला पाहिजे. तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. एखादे उत्पादन पुढे रीतसर चाचण्या पार करून औषध म्हणून मंजूर होते, ती गोष्ट वेगळी. बंगळुरूत विकसित झालेले स्टेमप्यूसेल हे पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या बर्जर आजारावरचे औषध त्या वाटेने मंजूर झाले. ज्याने रानाचा सौदा करायचा ठरवले आहे, त्याला विचारण्याजोगा एक साधा प्रश्न या पुस्तकातून हाती लागतो: तुम्ही टोचलेली पेशी जागेवर पोहोचली हे तुम्हाला कसे कळते? याचे उत्तर देता न येणाऱ्या ठिकाणी पैसे मोजू नयेत, असे मी स्वच्छ सांगेन.

आता खुणेकडे येतो. आपल्याकडे जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारतात, तसाच हा प्रकार आहे. बाजारात, चारा छावणीत, दुसऱ्या जिल्ह्यात जनावर कुठेही गेले तरी बिल्ल्यावरून ते ओळखता येते. पेशीला असाच बिल्ला मारायचा, तर तो तिला इजा न करणारा, आठवडेच्या आठवडे टिकणारा आणि बाहेरून, कातडी न कापता दिसणारा हवा. किरणोत्सारी फ्लोरीनचा जोर दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे तो दिवसभरही पुरत नाही. चमकणारी रंगद्रव्ये उंदरात दिसतात, पण त्यांचा प्रकाश माणसाच्या जाड मांसातून बाहेर येत नाही. या तिन्ही अटींच्या जवळपास जाणारा पदार्थ म्हणजे लोह.

लोह शरीराला परके नाही, हे त्याचे मोठे भाग्य. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण 2018 मध्ये लागवडीसाठी आले, ते याच लोहासाठी. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे 30 मिलिग्रॅम लोह असते, तर या वाणात सुमारे 45. पेशीला खूण करायला लागणारे लोह याच्या तुलनेत नगण्य आहे. एका पेशीत साधारण 10 पिकोग्रॅम लोह भरले, तर एक कोटी पेशींचे मिळून ते होते 0.1 मिलिग्रॅम. रोजच्या जेवणातून आपले आतडे एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेते. पेशी मेली, कण विरघळले, की ते लोह फेरिटिनमध्ये साठते आणि पुढे रक्ताच्या तांबड्या पेशी घडवायला लागते. खुणेचा पदार्थ शेवटी कामी येतो, अशी सोय दुसऱ्या कुठल्याच खुणेत नाही.

आणखी एक नाते इथे सांगितले पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला सलाईनमधून जे तपकिरी आयर्न सुक्रोज चढवतात, त्यातही मधोमध लोहसंयुगाचा सूक्ष्म गाभा आणि भोवती साखरेचे आवरण असते. त्याचा गाभा चुंबकीय कामाचा नाही, पण रचनेची कल्पना तीच. अमेरिकेत 2009 मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या रक्तक्षयासाठी मंजूर झालेले फेरुमॉक्सिटॉल हे औषध तर थेट चुंबकीय नॅनोकणांचेच आहे. मूलपेशींना खूण करायला आज जगभर वापरले जाते ते मुख्यतः हेच. 2012 मध्ये ते हेपॅरिन आणि प्रोटामिन या दोन जुन्या, दवाखान्यात रोजच्या वापरातल्या औषधांबरोबर मिसळून पेशींना पाजण्याची कृती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हे काम कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आले.

हे कण एमआरआयमध्ये दिसतात कसे, यावर पुस्तकात एक सविस्तर प्रकरण आहे. इथे थोडक्यात सांगतो. एमआरआय यंत्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचा संदेश टिपते. 1.5 टेस्लाच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. त्या जबर आणि एकसारख्या क्षेत्रात लोहाचा कण आला की त्याच्या भोवतीचे क्षेत्र विस्कटते, शेजारच्या हायड्रोजनची लय मोडते आणि तिथला संदेश लवकर विझतो. चित्रात त्या जागी काळा ठिपका उमटतो. हा ठिपका पेशीपेक्षा कितीतरी मोठा दिसतो, आणि तेच आपल्या फायद्याचे आहे. पेशी असते पंधरा-वीस मायक्रॉनची, यंत्राला तेवढे बारीक दिसत नाही, पण तिने विस्कटलेला परिसर दिसतो. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या यकृतात आणि हृदयात किती लोह साठले ते मोजायला हाच परिणाम वापरतात.

कण इतके बारीक का हवेत? मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचा, मोठा तुकडा एकदा चुंबकित झाला की तसाच राहतो. असे कण रक्तात गेले तर एकमेकांना चिकटून गुठळ्या करतील. हाच पदार्थ दहा-पंधरा नॅनोमीटरपर्यंत बारीक केला की प्रत्येक कण एकच चुंबकीय क्षेत्रक होतो, आणि नुसत्या उष्णतेच्या धडपडीने त्याची दिशा सतत पालटत राहते. बाहेरचे चुंबक आणले की सगळे कण एका दिशेने उभे राहतात, चुंबक काढले की एकूण चुंबकत्व शून्य. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या वागण्याचे गणित मांडले, पुढे 1970 मध्ये चुंबकत्वावरील कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. खडकांचा अभ्यास करताना मांडलेले हे गणित आज पेशींच्या कामी आले आहे. दहा नॅनोमीटरचे सुमारे पन्नास लाख कण एका पेशीत गेले की दहा पिकोग्रॅमचा हिशेब पुरा होतो.

इथे मराठवाड्याची गोष्ट येते, आणि ती मला थोडी सावकाश सांगायची आहे. आपल्या भागातल्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला फेराइट, म्हणजे लोहाचे दुसऱ्या धातूसह होणारे चुंबकीय ऑक्साइड, हा शब्द शिकवावा लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डॉ. के. एम. जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली फेराइटवर काम केलेले विद्यार्थी आज गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवतात. त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन पाहावे. बीकरमध्ये फेरिक नायट्रेट, कोबाल्ट किंवा निकेलचे नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल विरघळवलेले असते. तळाशी चुंबकीय कांडी फिरत असते. वरून अमोनिया थेंबाथेंबाने सोडत पीएच 7 वर आणतात. मग तासन्‌तास तापवत ठेवले की पाणी आटून मधासारखा घट्ट जेल होतो. तो आणखी तापला की फुगतो, एका कडेला ठिणगी पडते, आणि ती ठिणगी पाहता पाहता सगळ्या बीकरभर धावते. मागे उरते हलकी, भुसभुशीत, काळसर तपकिरी राख. ती खलात घोटायची, भट्टीत भाजायची, एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या, आलेखात 311 च्या शिखराची रुंदी मोजायची आणि शेररच्या सूत्राने कणाचा आकार काढायचा. एम. एस्सी.चा प्रकल्प असो की पीएच. डी., ही वाट मळलेली आहे. ही साधना कमी पैशांत, विजेच्या लपंडावात, एक्सआरडीसाठी दुसऱ्या गावी पाकिटे पाठवत झालेली आहे, म्हणून मला तिचा फार आदर वाटतो.

पण या राखेने पेशीला खूण करता येत नाही, हे पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे आणि ते सांगणे आवश्यकच होते. कोबाल्ट आणि निकेल पेशीला विषारी आहेत. भट्टीत भाजलेले कण एकमेकांना असे चिकटतात की पाण्यात टाकले तर तळाशी बसतात. पेशीसाठी निव्वळ लोहाचे ऑक्साइड हवे, मॅग्नेटाइट किंवा मॅगहेमाइट, आणि ते पाण्यात तरंगत राहणारे हवे. त्याची वाट फ्रान्सच्या रेने मासार यांनी 1981 मध्ये दाखवली. दोन प्रकारच्या लोहक्षारांचे एकास दोन प्रमाणातले द्रावण, ऑक्सिजन दूर ठेवून, अमोनियात किंवा कॉस्टिक सोड्यात ओतायचे. क्षणात सगळे काळे होते. बीकरच्या कडेला चुंबक धरले की काळा साका त्या भिंतीकडे ओढला जातो आणि उरलेले पाणी नितळ दिसते. त्यावर सायट्रेटचे, डेक्स्ट्रानचे किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवले की कण सुटे राहतात. ही कृती परभणीतल्या कोणत्याही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. राज्यात या दिशेने आधीच काम झाले आहे: मुंबईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादुर आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात डॉ. एस. एच. पवार यांच्या गटांनी चुंबकीय कण शरीरासाठी, विशेषतः कर्करोगाच्या गाठीला आतून ऊब देण्यासाठी, तयार केले. मूलपेशींच्या बाजूने पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे, डॉ. वैजयंती काळे यांच्यासारख्या संशोधकांनी दशकानुदशके काम केले. म्हणजे कण करणारे आणि पेशी वाढवणारे, दोघेही मराठी मुलखात आहेत.

कण पेशीत शिरतात कसे, हे प्रकरण मला सर्वांत आवडले. भक्षक पेशी समोर येईल ते गिळते. मूलपेशी तशी खादाड नाही. तिच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि कणांच्या आवरणावरही बहुधा ऋणच, म्हणून दोघे एकमेकांपासून दूर राहतात. मग प्रोटामिनसारखा धन भाराचा मध्यस्थ लागतो. रात्रभर ठेवून सकाळी पेशी नीट धुवायच्या, म्हणजे बाहेर चिकटलेले कण निघून जातात. आत गेलेले लोह पाहायला 1867 मध्ये जर्मन डॉक्टर माक्स पर्ल्स यांनी दिलेली कृती आजही चालते. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की लोह असेल तिथे गडद निळा रंग उमटतो. पेशीला मागाहून गुलाबी रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली फिकट गुलाबी पेशी, मधे केंद्रक आणि त्याच्या भोवती दाट निळे ठिपके दिसतात. केंद्रकाच्या आत निळे काही नसते. कण पिशव्यांत बंद राहतात, जनुकांपर्यंत जात नाहीत, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. या कृतीला खर्च जवळजवळ नाही.

खूण केल्याने पेशीचे गुण बिघडतात का, यावर मतभेद झाले आणि पुस्तकाने ते लपवलेले नाहीत. 2004 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवले की लोह भरलेल्या मेसेन्कायमल पेशींपासून चरबी आणि हाड नीट तयार होते, पण कूर्चा तयार होण्यात अडथळा येतो. नंतर इतरांनी वेगळे निष्कर्ष काढले. लोहाची मात्रा आणि मध्यस्थ पदार्थ यांवर बरेच अवलंबून असते. ज्याला गुडघ्यासाठीच पेशी वापरायच्या आहेत, त्याने प्रत्येक नव्या कणाबाबत ही चाचणी पुन्हा केली पाहिजे. त्यात सवलत नाही.

माणसावर झालेल्या दोन प्रयोगांची हकिगत या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. पहिला नेदरलँड्समधल्या नायमेखन इथला, 2005 चा. त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाच्या आठ रुग्णांना लसीसारख्या वापरायच्या डेंड्रिटिक पेशी लोहाची खूण करून लसिकाग्रंथीत टोचल्या. टोचणारे डॉक्टर अनुभवी होते, समोर सोनोग्राफीचा पडदा होता. एमआरआय केल्यावर दिसले की आठपैकी चार जणांत पेशी ग्रंथीत गेल्याच नव्हत्या, शेजारच्या चरबीत पडल्या होत्या. ही मूलपेशींची चाचणी नव्हती, पण धडा सर्वांसाठी होता. खूण नसती तर त्या चौघांबद्दल ‘लस लागू पडली नाही’ अशीच नोंद झाली असती. दुसरा प्रयोग शांघायचा, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला. मेंदूला उघडी जखम झालेल्या रुग्णाच्याच मेंदूतून मिळालेल्या मूलपेशी डॉ. जियानहाँग झू यांच्या गटाने वाढवल्या, त्यांना लोहाची खूण केली आणि जखमेच्या आसपास टोचल्या. पुढच्या आठवड्यांत एमआरआयमधला काळा भाग टोचलेल्या जागेकडून जखमेच्या कडेकडे सरकताना दिसला. जिवंत माणसाच्या मेंदूत मूलपेशींचा प्रवास असा पाहता येतो, हे तेव्हा समजले.

या दोन्ही प्रयोगांच्या काळात वापरात असलेले कण यकृताच्या तपासणीसाठी बनलेले होते. अमेरिकेत 1996 मध्ये मंजुरी मिळालेले फेरिडेक्स त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. यकृतासाठी दुसरी द्रव्ये आली, खप घटला आणि 2008 मध्ये ते बाजारातून गेले. पेशींवर काम करणारे एकदम उघड्यावर पडले. त्यांच्या कामासाठी कोणीच कण बनवत नव्हते. फेरुमॉक्सिटॉलने तो खड्डा काही अंशी भरला. दुसऱ्याच्या बाजारावर आपले संशोधन टांगलेले असले की असे होते. म्हणूनच कण आपल्या प्रयोगशाळेत करता येणे, ही चैन नाही.

आता या पद्धतीच्या उणिवा, आणि इथे बिल्ल्याकडे पुन्हा वळावे लागते. जनावर दगावले आणि बिल्ला कोणाच्या तरी हातात सापडला, तर बिल्ला आहे म्हणून जनावर आहे असे म्हणता येत नाही. एमआरआयला लोह दिसते, पेशी दिसत नाही. खूण केलेली पेशी मेली की तिचे लोह भक्षक पेशी गिळतात आणि त्याच जागी आठवडेच्या आठवडे काळा ठिपका दाखवत राहतात. जखमेत झालेला जुना रक्तस्राव तसाच काळा दिसतो. शिवाय पेशी दुभंगते तेव्हा लोह दोघींत वाटले जाते. पाच-सात पिढ्यांनंतर खूण इतकी विरळ होते की ती दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा प्रश्न, म्हणजे पेशी योग्य जागी पडली का, याचे उत्तर ही पद्धत उत्तम देते. महिन्याने ती जिवंत आहे का, याचे उत्तर तिच्यावर सोपवू नये. पुस्तकातल्या या भागाला मी आणखी पाने दिली असती. फ्लोरीन-19 वर आधारलेली एमआरआय आणि थेट लोहाचाच संदेश टिपणारे, 2005 मध्ये जर्मनीत जन्मलेले चुंबकीय कण चित्रण, या दोन्ही पद्धतींचा उल्लेख त्यात आहे, पण तो धावता आहे. पुढच्या आवृत्तीत तो भरून निघावा.

परभणीच्या दृष्टीने सर्वांत जवळची वाट मला पशुवैद्यकातून जाताना दिसते. इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 पासूनचे. चुंबक आणि जिवंत शरीर यांचा संबंध पशुवैद्यकाला नवा नाही. चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळणारी गाय-म्हैस त्यांच्याकडे येते. ती तार जाळीदार पोटातून पुढे सरकून हृदयाच्या आवरणात घुसते, म्हणून पोटात कायमचे राहणारे चुंबक सोडतात, ते लोखंड धरून ठेवते. पेशींच्या बाबतीत हीच ओढ बाहेरून लावता येते. जपानच्या हिरोशिमा विद्यापीठात डॉ. मित्सुओ ओची यांच्या गटाने लोहाची खूण केलेल्या मेसेन्कायमल पेशी गुडघ्यात सोडल्या आणि बाहेर चुंबक धरून त्या खराब झालेल्या कूर्चेवरच बसतील अशी व्यवस्था केली. पाच रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. संख्या लहान आहे, दावाही त्यांनी मोठा केला नाही. पण खूण आणि खेच ही दोन्ही कामे एकाच कणाने होतात, हे त्यातून दिसले. ओढकामाने लाल कंधारी किंवा देवणी बैलाच्या पायाची शीर, म्हणजे कंडरा, दुखावते, शर्यतीच्या घोड्यांत तर हा नेहमीचा आजार आहे आणि त्यावर मूलपेशी वापरण्याचे काम इंग्लंडमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. जनावराचा उपचार म्हणूनही त्याला मोल आहे, आणि माणसाच्या उपचाराआधीची पायरी म्हणूनही.

2023 मध्ये परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. आता कृषी विद्यापीठ, पशुवैद्यकीय महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि फेराइट करणाऱ्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळा एकाच गावात आहेत, रिक्षाने जाता येण्याच्या अंतरावर. हे पुस्तक या चौघांनी एका टेबलाभोवती बसून वाचावे, असे मला वाटते. त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको. जनावरावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागेल आणि ती घेतलीच पाहिजे; त्याआधीचे काम मात्र नळ्यांत होते. पदार्थविज्ञानवाल्यांनी सायट्रेटचे आवरण असलेले मॅग्नेटाइट करावे. पशुवैद्यकांनी शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या चरबीतून मेसेन्कायमल पेशी वाढवाव्यात, त्यांना रात्रभर ते कण द्यावेत, पर्ल्सची निळी परीक्षा करावी, ट्रायपॅन ब्लूने मेलेल्या पेशी मोजाव्यात. मग अॅगरोजच्या जेलमध्ये एका नळीत एक हजार, दुसरीत दहा हजार, तिसरीत एक लाख खूण केलेल्या पेशी आणि चौथीत तितक्याच बिनखुणेच्या पेशी मिसळून त्या नळ्या माणसांच्या साध्या एमआरआय यंत्रात ठेवाव्यात. एखाद्या केंद्राने रविवारी तासभर यंत्र मोकळे करून दिले तरी पुरे. किमान किती पेशींची नळी काळी दिसते, तो आकडा आपल्या यंत्रावर, आपल्या कणांनी निघाला, की बैलाच्या कंडरेत किती पेशी सोडायच्या याचा हिशेब मांडता येईल.